विद्यार्थ्यांची नभोवाणी

विद्यार्थ्यांनीं काढलेलें मासिक, विद्यार्थ्यांनीं बसविलेलें नाटक, विद्यार्थ्यांची वादसभा, या गोष्टी आपल्या चांगल्या परिचयाच्या आहेत. परंतु विद्यार्थ्यांनीं स्वतः उभारलेलें, स्वतः चालविलेलें आणि स्वतःच्याच कमाईवर जगविलेलें नभोवाणी-केंद्र ही कल्पना आपल्याकडे तितकीशी रुळलेली नाहीं. अमेरिकेंत मात्र या कल्पनेला ऐंशीहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यांतील पहिल्या केंद्राचा जन्म, त्याचा उत्कर्ष आणि अखेर त्याची विक्री, ही हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें. हकीकत मनोरंजक आहेच. पण तिच्या पोटीं एक अवघड प्रश्नहि दडलेला आहे. जी संस्था दर चार वर्षांनीं अगदीं नवीं माणसें चालवितात, ती संस्था खरोखर कोणाची?

अमेरिकेच्या ईशान्य भागांत र्‍होड आयलंड नांवाचें एक चिमुकलें संस्थान आहे. त्याच्या राजधानीचें शहर प्रॉव्हिडन्स, आणि १७६४ सालीं स्थापन झालेलें ब्राउन विद्यापीठ आज तेथें आहे. १९३६ सालीं या विद्यापीठांत जॉर्ज एब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट हे दोन विद्यार्थी पहिल्या वर्षांत दाखल झाले. दोघांनाहि बिनतारी विद्येचा नाद. एब्राहम कॅसवेल हॉल या वसतिगृहांत राही. खोलींतल्या खोलींत बसून तबकड्या ऐकण्यापेक्षां मित्रांच्या खोल्यांपर्यंत तें संगीत पोंचवावें, आणि जमल्यास एकमेकांशीं गप्पाहि माराव्या, एवढ्याच हेतूनें त्यांनीं खोल्याखोल्यांतून तारा ओढल्या. तारा एका इमारतींतून दुसरींत गेल्या; दुसरींतून तिसरींत. ऐकणारांची संख्या वाढली, तशी वेळापत्रकाची गरज पडली. वेळापत्रक आलें, तसे निवेदक आले. १९३६ च्या नोव्हेंबरची ३० तारीख ही या उपक्रमाच्या रीतसर आरंभाची तारीख मानली जाते. त्याचें नांव पडलें 'ब्राउन नेटवर्क', म्हणजे ब्राउनचें तारांचें जाळें. नांव अक्षरशः खरें होतें.

येथें थोडें यंत्राविषयीं बोलणें अवश्य आहे. कारण या साऱ्या इतिहासाची किल्ली त्यांत आहे. अमेरिकेंत १९३४ च्या कायद्यानें दळणवळणाचें एक सरकारी मंडळ नेमलें, आणि हवेंतून ध्वनिक्षेपण करावयाचें तर त्या मंडळाचा परवाना हवा, असा नियम झाला. परवाना विद्यार्थ्यांना कोण देणार? त्यांनीं तोडगा काढला तो असा. आपल्या ध्वनिक्षेपकाची शक्ति अगदीं बेताची ठेवावयाची आणि त्याच्या लहरी मोकळ्या हवेंत न सोडतां तारांवर सोडावयाच्या. वसतिगृहाच्या भिंतींतून विजेच्या तारा गेलेल्या असतातच. त्या तारांवर या लहरी चढविल्या कीं जवळ ठेवलेला साधा रेडिओ त्या पकडतो. नवें यंत्र घ्यावें लागत नाहीं. मात्र तारेपासून थोडें दूर गेलें कीं आवाज क्षीण होतो, आणि इमारतीबाहेर तर तो ऐकूंच येत नाहीं. विजेचा दाब बदलणारें रोहित्र वाटेंत आलें कीं तेथेंहि या लहरी अडतात. म्हणून ते अडथळे चुकविण्याची किंवा निरनिराळ्या इमारतींसाठीं निरनिराळी यंत्रें बसविण्याची खटपट करावी लागे. १९३८ सालीं मंडळानें अशा अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्याची अट नसावी असा नियमच केला. भिंतींच्या आंत राहण्याचें बंधन पाळल्यास विद्यार्थी मोकळे झाले.

याच सुमारास आपल्या देशांत काय चाललें होतें, याचें स्मरण येथें अनाठायीं होणार नाहीं. १९३५ सालीं, म्हणजे ब्राउनच्या एक वर्ष अगोदर, म्हैसूरच्या महाराजा कॉलेजांतील मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनीं स्वतःच्या घरांतून एक लहानसें ध्वनिक्षेपण-केंद्र सुरू केलें. त्यांच्या केंद्राचें 'आकाशवाणी' हें नांव पुढें साऱ्या देशाच्या नभोवाणीला मिळालें. प्रॉव्हिडन्समध्यें दोन विद्यार्थी आणि म्हैसुरांत एक प्राध्यापक: दोन्ही ठिकाणीं सरकारी तिजोरी नव्हती, होता तो केवळ हौसेचा उजेड. फरक एवढाच कीं म्हैसूरचें रोपटें संस्थानानें व नंतर सरकारनें आपल्या बागेंत लावून घेतलें, तर प्रॉव्हिडन्सचें रोपटें विद्यार्थ्यांच्या अंगणांतच वाढलें.

वाढण्यासाठीं पैसा लागतो. तारा, निर्वात नळ्या, तबकड्या, सारें विकतच घ्यावें लागे. विद्यापीठाकडे हात पसरण्याऐवजीं या मुलांनीं जाहिराती मिळविल्या. तरुण ग्राहक एकगठ्ठा सांपडणें ही गोष्ट व्यापाऱ्यांना मोलाचीच होती. पण एका कॉलेजासाठीं मोठी कंपनी जाहिरात देईना. मग इतर कॉलेजांतील अशाच धडपड्या मंडळींना एकत्र आणण्याची कल्पना निघाली. १९४० च्या फेब्रुवारींत ब्राउन येथेंच परिषद भरली आणि आंतर-महाविद्यालयीन ध्वनिक्षेपण संघाची स्थापना झाली. एब्राहम आणि बोर्स्ट हेच त्याचे संस्थापक. स्वतःची पदवी पदरांत पडण्यापूर्वींच या दोघांनीं अखिल देशाच्या विद्यार्थ्यांसाठीं एक संस्था उभी केली होती!

त्यानंतर ही लाट झपाट्यानें पसरली. १९४० च्या डिसेंबरच्या २ तारखेस हार्वर्ड विद्यापीठांत तेथील विद्यार्थ्यांच्या 'क्रिम्झन' या दैनिकाच्या आश्रयानें केंद्र सुरू झालें. त्याच महिन्यांत प्रिन्स्टन येथें, आणि १९४१ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत अशींच केंद्रें निघालीं. हार्वर्डच्या केंद्राची एक गोष्ट सांगतात. १९४३ च्या वसंत ऋतूंत एक विद्यार्थी कठीण परीक्षा देऊन केंद्रावर आला आणि मनावरचा भार उतरावा म्हणून त्यानें बीथोव्हेनच्या नऊच्या नऊ सिंफनी ओळीनें लावल्या. त्या काळची तबकडी एका बाजूस चार-पांच मिनिटेंच वाजे. तेव्हां रात्रभर तबकड्या उलटण्याचा उद्योग त्याला किती वेळां करावा लागला असेल, हें आपणच ताडावें. त्या लहरीची पुढें परंपरा झाली. परीक्षेच्या काळांत एकाच रचनाकाराचें किंवा एकाच प्रकारचें संगीत तासन् तास लावण्याचा प्रघात हार्वर्डच्या केंद्रानें चालू ठेवला. व्यावसायिक केंद्राच्या चालकाला असें करण्याची छाती होणार नाहीं. विद्यार्थ्यांच्या केंद्राचें मर्म मला येथें दिसतें. ज्याला गमावण्यासारखें थोडें, त्याला करून पाहण्यासारखें पुष्कळ.

महायुद्धानंतर भिंतींच्या बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा झाला. कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक एडविन आर्मस्ट्राँग यांनीं शोधून काढलेली, ज्यांत खरखर फारच कमी अशी, एफ. एम्. पद्धति आतां रूढ होत होती. १९४५ सालीं अमेरिकन मंडळानें ८८ ते ९२ मेगासायकल हा पट्टा शिक्षणकार्यासाठीं राखून ठेवला, आणि १९४८ सालीं अवघ्या १० वॅट शक्तीच्या शैक्षणिक केंद्रांनाहि परवाने देण्याचें ठरविलें. दहा वॅट म्हणजे एका मिणमिणत्या दिव्याइतकी शक्ति. पण तेवढ्यानेंहि आवाज वसतिगृहाची भिंत ओलांडून गांवांत जाऊं लागला. कोलंबियाच्या केंद्राला १९५६ सालीं आणि हार्वर्डच्या केंद्राला १९५७ सालीं एफ. एम्. वर स्थान मिळालें.

ब्राउनच्या विद्यार्थ्यांनीं मात्र निराळी वाट धरली. राखीव पट्ट्यांत न जातां त्यांनीं व्यापारी पट्ट्यांतील ९५·५ मेगासायकल हें स्थान मिळविलें आणि १९६६ सालीं 'डब्ल्यू. बी. आर्. यू.' या नांवानें तें केंद्र बोलूं लागलें. त्याची मालकी विद्यापीठाकडे नव्हती. ती विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र, नफा न वांटणाऱ्या नोंदलेल्या संस्थेकडे होती. विद्यापीठाकडून पैसा घ्यावयाचा नाहीं आणि हुकूमहि घ्यावयाचा नाहीं, असा हा बाणा होता. शहरांतल्या पक्क्या व्यापारी केंद्रांशीं या विशीच्या आंतबाहेरच्या मुलांनीं बरोबरीनें झुंज घ्यावयाची; जाहिराती मिळवावयाच्या, हिशेब ठेवावयाचे, यंत्रें दुरुस्त करावयाचीं, बातम्या गोळा करावयाच्या, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं वर्गांतहि हजर राहावयाचें! नव्या धर्तीच्या रॉक संगीतासाठीं हें केंद्र आसपासच्या प्रदेशांत नांवाजलें. रविवारीं मात्र सारा नूर पालटे. १९७० च्या दशकाच्या आरंभीं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनीं सुरू केलेला '३६० अंश' हा कार्यक्रम रविवारचा दिवस व्यापून टाकी. प्रॉव्हिडन्स शहरांतील कृष्णवर्णीय कुटुंबांना आपलें संगीत आणि आपल्या वस्तीची खबरबात ऐकण्याचें तें हक्काचें ठिकाण झालें. ज्यांनीं ब्राउन विद्यापीठाच्या आवारांत कधीं पाऊल टाकलें नसेल, त्यांच्याहि घरांत विद्यार्थ्यांचा हा आवाज दर आठवड्यास येई.

श्रोतेहो, येथपर्यंतची कथा चढणीची आहे. आतां उताराकडे वळूं. एकविसाव्या शतकांत महाजाल आलें, हातांतल्या दूरध्वनीवर हवें तें गाणें हवें तेव्हां मिळूं लागलें. एफ. एम्. केंद्रांच्या जाहिराती आटल्या. विद्यापीठाची मदत न घेण्याचा जो अभिमान, तोच आतां अडचणीचा झाला. कारण तूट भरून काढावयास मागें कोणी उभें नव्हतें. शिवाय जाहिरातदार टिकवावयाचे तर ठराविक गाणींच फिरवून फिरवून लावावीं लागत. करून पाहण्याचें स्वातंत्र्य, ज्यासाठीं मुलें केंद्रावर यावयाचीं, तेंच आक्रसलें. २०१७ सालीं विद्यार्थी सभासदांनींच मतदान करून विक्रीला मान्यता दिली. कॅलिफोर्नियांतील एका ख्रिस्ती धार्मिक संगीत प्रसारित करणाऱ्या संस्थेनें ९५·५ हें स्थान ५६ लक्ष ३० हजार डॉलरांना विकत घेतलें, आणि ऑगस्ट २०१७ च्या अखेरीस विद्यार्थ्यांचा आवाज त्या स्थानावरून नाहींसा झाला. पन्नास वर्षांहून थोडा अधिक काळ तो तेथें होता. संस्था मोडली नाहीं. तिनें महाजालावरून कार्यक्रम चालू ठेवले. परंतु मोटारींत बसून किंवा स्वयंपाकघरांत कळ फिरवून रविवारचा कार्यक्रम ऐकणाऱ्या माणसाच्या दृष्टीनें केंद्र गेलें तें गेलेंच.

या विक्रीवरून मोठा वाद माजला. विकणारांचें म्हणणें असें: केंद्र तोट्यांत आहे, आणखी दोन-चार वर्षें हट्टानें चालविलें तर कर्ज तेवढें उरेल, उलट आज विकलें तर आलेल्या पैशाच्या व्याजावर पुढच्या अनेक पिढ्यांचे विद्यार्थी चलच्चित्र, ध्वनिमुद्रण, वृत्तलेखन, जें काय त्या काळाला साजेल तें शिकतील. संस्था विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठीं निघाली. लोखंडी मनोरा जपण्यासाठीं नव्हे. माजी विद्यार्थी आणि श्रोते म्हणत: तुम्ही चार वर्षांचे पाहुणे, पन्नास वर्षांच्या लोकांच्या घामानें बांधलेलें घर विकण्याचा तुम्हांस अधिकार काय? पैसा पुन्हां मिळेल, पण शहरांतील हवेवरचें स्थान एकदां गेलें कीं पुन्हां मिळत नाहीं.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे, हें कोणीहि निःपक्षपाती माणूस मान्य करील. मी ज्या व्यवसायांत आयुष्य घालविलें त्यांत दरवर्षीं एक वर्ग शाळेबाहेर जातो आणि दुसरा येतो. म्हणून या प्रश्नाचा मला विशेष जिव्हाळा वाटतो. जाणारा विद्यार्थी बांकावर नांव कोरून जातो, म्हणून बांक त्याचें होत नाहीं. आणि आज त्यावर बसलेला विद्यार्थी तें मोडून जाळूं शकत नाहीं. दोघेहि विश्वस्त. विश्वस्ताचें कर्तव्य वस्तु जशीच्या तशी ठेवण्याचें कीं ज्या हेतूनें ती झाली तो हेतु जिवंत ठेवण्याचें? हेतूचें, असें मी म्हणेन. पण मग हेतु नीट वाचला पाहिजे. केवळ मुलांना शिकविणें हाच हेतु होता, तर विक्रीला दोष देतां येत नाहीं. परंतु १९६६ सालीं भिंतीबाहेर पाऊल टाकलें त्या क्षणीं त्या संस्थेनें आणखी एक देणें पत्करलें होतें, तें गांवाचें. रविवारीं कान लावून बसणाऱ्या त्या घरांना मत नव्हतें. आणि ज्यांना मत नसतें त्यांचा विचार करणें हेंच विश्वस्ताचें खरें काम होय. या कसोटीवर ती विक्री मला अपुरी वाटते.

याच्याशीं ताडून पाहण्यासारखें दुसरें उदाहरण टेक्सस संस्थानांतील ह्यूस्टन शहराचें आहे. तेथील राइस विद्यापीठांत १९६७ सालीं विद्यार्थ्यांनीं एका वसतिगृहांतून केंद्र सुरू केलें व तें मोठें केलें. पण परवाना विद्यापीठाच्या नांवें होता. २०१० सालीं विद्यापीठाच्या चालकांनीं तें केंद्र ९५ लक्ष डॉलरांना दुसऱ्या विद्यापीठास विकण्याचें ठरविलें. विद्यार्थ्यांना पत्ता लागला तो सारें ठरल्यावर. पुढें, २०१५ सालीं, त्या विद्यार्थ्यांनीं अल्पशक्तीचें केंद्र मिळवून पुन्हां आवाज दिला, ही त्यांची चिकाटी खरी. एकीकडे विद्यार्थी मालक, आणि त्यांनींच विकलें. दुसरीकडे विद्यापीठ मालक, आणि त्यानें विद्यार्थ्यांस न विचारतां विकलें. तेव्हां मालकीचा कागद कोणाच्याहि पेटींत असला तरी तो एकटा संस्थेचें रक्षण करूं शकत नाहीं, हा बोध दोन्हींतून निघतो.

मग रक्षण कशानें होतें? याचें उत्तर कोलंबियाच्या केंद्रानें दिलें आहे. २००१ सालच्या सप्टेंबरच्या ११ तारखेस न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले, तेव्हां त्यांच्या माथ्यावरील या केंद्राचें क्षेपणयंत्रहि नष्ट झालें. केंद्र पुन्हां उभें राहिलें. १९६८ सालीं विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीं इमारती अडविल्या होत्या, त्याची हकीकत याच केंद्रानें जागेवरून सांगितली होती. २०२४ च्या एप्रिलमध्यें पुन्हां तसाच प्रसंग आला. गाझांतील युद्धावरून आवारांत तंबू पडले, आणि ३० एप्रिलच्या रात्रीं पोलिस आंत शिरले. एरवीं जाझ संगीतासाठीं ओळखलें जाणारें हें केंद्र त्या रात्रीं बातम्यांचें केंद्र झालें. विद्यार्थी वार्ताहर पाहिलेलें तेवढेंच, संयमानें, तासन् तास सांगत राहिले. जगभरांतून इतके लोक ऐकावयास आले कीं केंद्राचें महाजालावरील पान त्या भारानें बसलें. ८९·९ हें जुनें स्थान मात्र बोलतच होतें. ज्यांना एफ. एम्. म्हणजे अडगळ वाटत होती, त्यांनीं या एका रात्रीचा विचार करावा. लक्षांत घ्या, या केंद्राचा परवाना विद्यापीठाच्या विश्वस्तांच्याच नांवें आहे. तरीहि त्या विद्यापीठाविषयींची अवघड बातमी विद्यार्थ्यांनीं सांगितली. त्यांचें बळ कागदांत नव्हतें. खरें सांगण्याची जी संवय एका तुकडीनें दुसरीस लावून दिली होती, तिच्यांत होतें.

आपल्या देशांत हा अध्याय फार उशिरां सुरू झाला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती कोणा एकाच्या मक्त्याची नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं दिला. आणि तो देणाऱ्या न्यायपीठाचे प्रमुख महाराष्ट्राचे न्यायमूर्ति पी. बी. सावंत होते, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. त्यानंतर शिक्षणसंस्थांना केंद्र काढण्याची मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २००४ रोजीं मद्रासच्या अण्णा विद्यापीठाचें केंद्र निघालें, आणि पुणें विद्यापीठाच्या 'विद्यावाणी'नेंहि हा मार्ग पत्करला. परंतु या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मोकळीक ठेवलेली नाहीं. शिवाय परवाना संस्थेचा आणि कारभारहि बहुधा संस्थेचाच. विद्यार्थी तेथें बोलतो, पण ठरवीत नाहीं. ठरविण्याची जबाबदारी अंगावर पडल्यावांचून विवेक येत नाहीं, हें गृहस्थाश्रमी श्रोत्यांना मीं सांगावयास नको. मुलाच्या हातीं घरखर्चाचे चार रुपये दिल्याशिवाय त्याला भाव कळत नाहीं; तसेंच हें आहे.

एब्राहम आणि बोर्स्ट यांच्या तारा केव्हांच गेल्या. पण त्या दोघांनीं जी गोष्ट दाखविली ती राहिली आहे: ऐकणारा शेजारच्या खोलींत आहे, त्याच्यापर्यंत पोंचण्यास परवानगीची वाट पाहात बसण्याचें कारण नाहीं, साधन तुटपुंजें असलें तरी चालेल, मात्र वेळ पाळली पाहिजे आणि खरें बोललें पाहिजे. आपल्या घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी कॉलेजांत असें कांहीं काढूं म्हणाली, तर 'अभ्यास बुडेल' हें आपलें पहिलें वाक्य नसावें. 'पुढच्या वर्षीं तूं गेल्यावर हें कोण चालवील?' एवढेंच तिला विचारावें. त्या प्रश्नाचें उत्तर ती शोधूं लागली, म्हणजे तिचें शिक्षण सुरू झालें असें समजावें.